चाळीस मिनिटांआधीची तयारी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर 'भुलीची डॉक्टरीण'. ऑपरेशन झालं की पेशंट सर्जनच्या पाया पडतो, नर्सबाईंच्या हातावर पेढा ठेवतो. आमचा चेहराही त्याला आठवत नसतो. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पेशंटला काही आठवत नाही याचा अर्थ भूल चांगली लागली होती!

आज मी ज्या औषधाविषयी बोलणार आहे, ते मी तीस वर्षं वापरते आहे. त्याचं नाव केटामीन. आपल्यापैकी काहींनी ते वर्तमानपत्रात वाचलं असेल, तेही बहुधा चुकीच्या कारणासाठी. रेव्ह पार्टी, पोलिसांची धाड, पकडलेला साठा वगैरे. काही जण त्याला 'घोड्याचं इंजेक्शन' म्हणतात. जनावरांचे डॉक्टर ते वापरतात हे खरं आहे. पण ते माणसांचंही औषध आहे, आणि जुनं आहे. अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञानं ते १९६२ साली तयार केलं. १९६४ मध्ये माणसांवर त्याचा पहिला प्रयोग झाला, १९७० मध्ये तिथल्या सरकारनं परवानगी दिली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे.

त्याचं कारण सोपं आहे. बहुतेक भुलीची औषधं श्वास मंदावतात, रक्तदाब खाली आणतात. केटामीन योग्य मात्रेत दिलं तर पेशंट स्वतःचा श्वास स्वतः घेत राहतो आणि रक्तदाब पडण्याऐवजी थोडा चढतो. जिथे वीज जाते, जिथे प्राणवायूच्या सिलिंडरची वाट पाहावी लागते, तिथे हे औषध म्हणजे मोठा आधार. मी नवी असताना तालुक्याच्या रुग्णालयात कितीतरी रात्री याच एका औषधाच्या भरवशावर काढल्या आहेत.

मग नैराश्याशी याचा संबंध कुठे आला? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सात रुग्णांवर केलेला एक छोटा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. भुलीच्या मात्रेपेक्षा बरीच कमी मात्रा सलाईनमधून हळूहळू दिली, तर नैराश्य काही तासांत हलकं होतं, असं त्यात दिसलं. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांना परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. इथे एका दिवसात फरक दिसत होता. पुढे मोठे अभ्यास झाले. २०१९ मध्ये याच औषधाचा जुळा भाऊ म्हणावा असा एस्केटामीनचा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत मंजूर झाला. सलाईनमधून द्यायचं केटामीन मात्र अधिकृतपणे अजून भुलीचंच औषध आहे. मानसोपचारतज्ज्ञ ते नैराश्यासाठी आपल्या जबाबदारीवर, अभ्यासाच्या आधारानं वापरतात. हे पेशंटला आधी सांगितलंच पाहिजे आणि संमतिपत्रात, त्याला समजेल अशा मराठीत, लिहिलेलं असलं पाहिजे.

आमच्या जिल्ह्याच्या गावी एका मानसोपचारतज्ज्ञांनी हा उपचार सुरू केला आणि मदतीला मला बोलावलं. त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. मी लगेच हो म्हटलं. मनात म्हटलं, यात काय विशेष? भुलीसाठी साठ किलोच्या माणसाला मी साठ ते एकशेवीस मिलिग्रॅम एका मिनिटात देते. इथे त्याच माणसाला तीस मिलिग्रॅम द्यायचं, तेही चाळीस मिनिटांत. माझ्या दृष्टीनं हा पोरखेळ होता.

पहिल्या काही पेशंटांत एक गुरुजी होते. प्राथमिक शाळेतले, वय बावन्न. चार वर्षांचं नैराश्य. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे महिने घेऊन झाली होती. शाळेत जात होते, पण फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, घरात माणूस आहे, पण नाही."

मी माझ्या पद्धतीनं सगळं केलं. वजन, रक्तदाब, हृदयाचा आलेख, रक्ताच्या तपासण्या. सकाळपासून उपाशी आहेत का, विचारलं. सलाईन लावलं, मॉनिटर जोडला, पंप सुरू केला. सगळं नियमानुसार. पंधराव्या मिनिटाला गुरुजींनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. डोळे विस्फारलेले. म्हणाले, "मॅडम, मी गेलो का?"

त्यांना वाटत होतं, आपण मेलो. नाडी एकशेवीस, रक्तदाब १८०/१००. मी पंप बंद केला, खुर्ची ओढून शेजारी बसले आणि बोलत राहिले. वीस-पंचवीस मिनिटांत ते भानावर आले, रक्तदाबही उतरला. शरीराला काही इजा झाली नाही. पण उठताना ते एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतंत, तर घाबरलो नसतो."

श्रोतेहो, चूक माझी होती. हे औषध मन आणि शरीर यांचा सांधा थोडा वेळ सैल करतं. आपलं शरीर खाटेवर आहे आणि आपण छताजवळ आहोत, असं वाटतं. आवाज लांबून येतात, हात आपले वाटत नाहीत, दोन मिनिटं तासासारखी होतात. हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण ऑपरेशनच्या वेळी पेशंट झोपलेला असतो. त्याला काय वाटतंय हे विचारायची मला पंचवीस वर्षांत सवयच नव्हती. इथे पेशंट जागा असतो. त्यामुळे निम्मी सुरक्षितता त्याच्या हातात असते. तो आम्हांला काय सांगतो, काय विचारतो आणि काय समजून खोलीत येतो, यावर ती ठरते. त्या दिवसापासून मी प्रत्येक पेशंटशी आधी एक दिवस तास-दीड तास बोलते, आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवते. त्या बैठकीत काय बोलतो, तेच आज आपल्याला सांगते.

पहिली गोष्ट, हा उपचार कुणासाठी? साधारणपणे किमान दोन औषधं नीट घेऊनही गुण आला नाही, अशांसाठी. म्हणून निदान मानसोपचारतज्ज्ञानं केलेलं असलं पाहिजे. भूल देणारी मी एकटी हे ठरवू शकत नाही, आणि एखादं दवाखान्याचं दुकान फोनवरून तर मुळीच ठरवू शकत नाही. भास होण्याचा आजार असेल किंवा पूर्वी झाला असेल, तर हे औषध बहुधा टाळतात. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असेल किंवा मोठ्या रक्तवाहिनीला फुगा असेल, तर धोका मोठा. रक्तदाब ताब्यात नसेल तर आधी तो ताब्यात आणायचा. उपचाराच्या सकाळीही तो १४०/९०च्या वर असेल, तर आम्ही थांबून विचार करतो. गरोदर असण्याची शक्यता असेल तर ती बाईंनी सांगायलाच हवी. लघवीला जळजळ किंवा वारंवार जावं लागणं, हेही सांगायचं. केटामीन फार वेळा, फार दिवस घेतलं तर मूत्राशयाला इजा होते.

दुसरी गोष्ट, औषधांची पिशवी. मी सांगते, घरातली सगळी औषधं पिशवीत भरून घेऊन या. चिठ्ठ्या नकोत, प्रत्यक्ष गोळ्या आणा. चिठ्ठीत असतं ते माणूस घेत नाही आणि घेतो ते चिठ्ठीत नसतं. पिशवीत काय काय निघतं! शेजाऱ्यानं दिलेली झोपेची गोळी, दम्याची थिओफिलीनची गोळी, वैद्यांचं चूर्ण, नावाचा कागद फाडलेली पुडी. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांनी या उपचाराचा गुण कमी होऊ शकतो. थिओफिलीन आणि केटामीन एकत्र आले तर झटके येण्याची शक्यता वाढते. पण एक लक्षात ठेवा, यांतली कुठलीही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. रोजची झोपेची गोळी एकदम सोडली, तर त्यानंही झटके येतात. काय चालू ठेवायचं, काय किती वेळ आधी थांबवायचं, हे डॉक्टर लिहून देतील. रक्तदाबाची गोळी आणि मधुमेहाचं इन्शुलिन यांबद्दल तर मुद्दाम विचारा. सकाळी उपाशी राहायचं आणि इन्शुलिन पूर्ण घ्यायचं, असा घोळ होऊ देऊ नका.

दारूचा प्रश्न मी नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारते. बायकोसमोर 'कधीतरी, लग्नाकार्यात' असं उत्तर येतं, आणि दार लोटल्यावर खरं उत्तर येतं. आम्ही पोलीस नाही. दारू, गांजा, इतर काही नशा, जे असेल ते सांगा. हे औषध स्वतः व्यसन लावू शकतं, म्हणून हा प्रश्न विचारावाच लागतो.

तिसरी गोष्ट, त्या दिवसाची. आमच्याकडे सहा तास अन्न नाही आणि दोन तास पाणीही नाही, हा नियम आहे. औषधानं मळमळ होते. पोट भरलेलं असलं आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं. "एक बिस्कीट खाल्लं फक्त" असं कुणी म्हणालं, की मी उपचार पुढे ढकलते. लोक रागावतात, रागावू देत. सैल कपडे घाला, अंगठ्या-साखळ्या घरी ठेवा, लघवीला जाऊन या. आणि बरोबर एक शहाणा माणूस आणा. एकच! चार माणसं आली की खोलीत लग्नघर होतं.

त्या माणसाचं काम घरी नेण्याचं. एक तरुण मुलगा एकटाच मोटारसायकलवर आला होता. वीस किलोमीटरवरचं गाव. म्हणाला, "बरं वाटलं की जाईन, मॅडम." मी त्याच्या भावाला फोन करायला लावला, आणि भाऊ येईपर्यंत गाडीची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात राहिली. उपचार संपल्यावर किमान दोन तास आमच्या नजरेखाली थांबायचं. रात्री पुरेशी झोप होऊन दुसरा दिवस उजाडेपर्यंत गाडी चालवायची नाही, यंत्रावर काम करायचं नाही, आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही. पाय लटपटतात म्हणून घरचा जिनाही कुणाचा तरी हात धरून चढायचा.

चौथी गोष्ट, आपण आम्हांला काय विचारायचं? आपल्याकडे डॉक्टरला प्रश्न विचारणं उद्धटपणा समजतात. माझी विनंती आहे, विचारा. औषध चालू असताना खोलीत कोण थांबणार? रक्तदाब, नाडी, प्राणवायू दाखवणारा मॉनिटर आहे का? श्वास अडला तर तो देण्याचं सामान आणि ते वापरता येणारा माणूस त्याच खोलीत आहे का? एकूण किती वेळा यावं लागेल, खर्च किती, गुण आला नाही तर पुढे काय? रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा? या प्रश्नांना जिथे सरळ उत्तर मिळत नाही, तिथून सरळ घरी या.

आणि औषध घरी घेऊन जा, असं कुणी म्हणालं तर तिथे थांबूच नका. आपल्या देशात केटामीन २०१३ पासून परिशिष्ट एक्समध्ये आहे, म्हणजे सर्वांत कडक बंधनांच्या औषधांत. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकन अभिनेता मॅथ्यू पेरी गेला, तेव्हा मला पेशंटांचे फोनवर फोन आले. "मॅडम, हेच का ते औषध?" हो, हेच. तो नैराश्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली केटामीन घेत होता, हेही खरं. पण त्याचा शेवटचा ज्ञात उपचार मृत्यूच्या सुमारे दीड आठवडा आधी झाला होता, आणि त्याच्या रक्तात सापडलेली मात्रा पूर्ण भुलीइतकी होती. ते औषध त्याला चोरवाटेनं मिळालं होतं आणि त्यानं ते घरी घेतलं होतं. तो घरच्या गरम पाण्याच्या कुंडात सापडला. या प्रकरणी पाच जणांवर खटला भरला गेला, त्यांत दोन डॉक्टर होते; पाचही जणांनी पुढे गुन्हा कबूल केला. औषध तेच होतं, पण शेजारी मॉनिटर नव्हता आणि मात्रा मोजून हात आखडता घेणारंही कुणी नव्हतं.

पाचवी गोष्ट मनाच्या तयारीची. मी पेशंटला सांगते, तुम्हांला विचित्र वाटणार आहे. काहींना तरंगल्यासारखं, काहींना सुखद, काहींना भीतिदायक. काहींना जुन्या आठवणी येऊन रडू येतं, रडा. बोलता आलं नाही तर बोट हलवा, मी बघत असेन. पंप बंद केला की परिणाम लवकर ओसरू लागतो. आणि एक वाक्य मनाशी धरून ठेवा : 'हे औषधामुळे आहे, आणि हे संपणार आहे.'

गुरुजी पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण तीन आठवड्यांनी वहिनी त्यांना घेऊन आल्या. मी आधी माफी मागितली, मग वर सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, वेळ सांगत राहाल का? तास संपायला किती मिनिटं उरली, एवढं कळलं की मुलंसुद्धा नीट बसतात." तेव्हापासून मी दर दहा मिनिटांनी पेशंटच्या कानाशी वेळ सांगते. पाठ्यपुस्तकात हे नाही, गुरुजींनी शिकवलं.

त्याच दिवशी वहिनींनी मला बाहेर व्हरांड्यात गाठलं. आवाज दाबून म्हणाल्या, "ते म्हणतात, हा शेवटचा उपाय. हा झाला नाही तर मग बघू. मला त्या 'बघू'ची भीती वाटते, मॅडम."

माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या वेळी तो माणूस ती गाठ मनात बांधून खाटेवर झोपला होता, आणि मी त्याला बिस्किटाबद्दल विचारत होते. मानसोपचारतज्ज्ञ आणि मी, दोघांनी गुरुजींशी बसून बोलणं केलं. सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? असं विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट ओझं उतरतं. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले, मग बोलले. त्या दिवशी उपचाराआधी आम्ही एक कागद लिहिला. गुण नाही आला तर पुढची पायरी कोणती, घरात कीटकनाशक कुठे आहे आणि ते आजच कुणी हलवायचं, रात्री अपरात्री कुणाला फोन करायचा. त्यांत सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लिहिला. २०२२ पासून तो चोवीस तास, विनामूल्य चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आता हा कागद मी प्रत्येकाबरोबर लिहिते. माझ्या मते सगळ्या तयारीत ही तयारी सर्वांत महत्त्वाची. नैराश्यात शेवटचा उपाय असा नसतो. हा एक उपाय आहे. याच्यापुढेही उपाय आहेत.

कारण काहींना या औषधानं गुण येत नाही, हे खरं आहे. एका बाईंना चार वेळा देऊनही काही फरक पडला नाही. त्यांना आधीच सगळं सांगितलेलं असल्यामुळे त्या खचल्या नाहीत. पुढे त्यांना ईसीटी, म्हणजे लोक ज्याला शॉक म्हणतात तो उपचार दिला आणि त्या सावरल्या. ज्यांना गुण येतो, त्यांचाही एका वेळचा परिणाम बहुधा आठवड्याभरात विरू लागतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत सहा वेळा, असं साधारण वेळापत्रक असतं, आणि नेहमीच्या गोळ्या, बोलून करायचे उपचार, झोप, चालणं हे सगळं सोबत चालू ठेवावं लागतं. पहिल्याच दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे पेशंट मी पाहिले आहेत. तसं करू नका.

गुरुजींचं काय झालं, हे आपण विचाराल. चौथ्या खेपेनंतर वहिनींनी सांगितलं, "आज चहा पिताना म्हणाले, साखर कमी आहे." चार वर्षांत त्यांनी चहाबद्दल बरं-वाईट काही म्हटलं नव्हतं. ते पूर्ण बरे झाले, असं मी म्हणणार नाही. गोळ्या चालू आहेत. मधल्या काळात दोनदा मन पुन्हा खाली गेलं, दोन्ही वेळा ते स्वतःहून आले. आले की खाटेवर आडवे होतात, डोळे मिटतात आणि मला आठवण करून देतात, "मॅडम, वेळ सांगा हं."

मी सांगते. तीस मिनिटं उरली, गुरुजी. वीस उरली. दहा उरली.

नमस्कार.